स्वतःची इलेक्ट्रिक गिटार बनवताना टोन कुठे ठरतो आणि तो हातात कसा आणायचा

घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायचं ठरलं की बहुतेक जण आधी लाकडाच्या मागे लागतात. महोगनी घेऊ की अ‍ॅश, मेपलचा टॉप लावू का, यावर महिना जातो आणि पिकअपची (तारेची हालचाल टिपणाऱ्या चुंबक-कॉइलची) जागा मात्र "इथे छान दिसतोय" म्हणून ठरते. माझं सरळ म्हणणं आहे की हा क्रम उलटा करा. टोन आधी कागदावर ठरतो, म्हणजे स्केल (नट ते ब्रिज, तारेची वाजणारी लांबी) किती, पिकअप ब्रिजपासून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथून) किती लांब, पिकअप कुठला, पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) किती किलोओहमचे. त्यानंतरचं सगळं सुतारकाम, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या), नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) वगैरे कशासाठी तर कागदावर ठरलेलं वाटेत कुठे गळून जाऊ नये यासाठी. मी हे कुठल्या वर्कशॉपमध्ये जाऊन शिकलो नाही, करत करत शिकलो, आणि खाली जे लिहितोय ते पहिली किंवा दुसरी गिटार बनवणाऱ्यासाठी आहे.

आणि शिकवायला कोणी नाही म्हणून थांबू नका. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण १९५० च्या आसपास त्याने जी सॉलिड बॉडी गिटार बाजारात आणली तिचं डिझाइन आजही जवळजवळ तसंच बनतंय. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरच्या घरी 'रेड स्पेशल' बनवायला घेतली, नेकला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोला (सूर डोलवणाऱ्या ब्रिजला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पण त्या गिटारचा आवाज निम्मा कुठून येतो ते बघा, तीन पिकअप सिरीजमध्ये जोडलेत आणि प्रत्येकाला चालू-बंद आणि फेजचा (आवाजाची लहर उलटवणारा) वेगळा स्विच आहे. म्हणजे डोकं वायरिंगमध्येही तेवढंच चालवलंय.

आधी वाजवणाऱ्याला बोलतं करा, स्वतःसाठी बनवत असाल तर स्वतःला. "वॉर्म पाहिजे" या शब्दावर अजिबात काम सुरू करायचं नाही, कारण एकाचं वॉर्म म्हणजे ट्रेबल (वरचा, तीक्ष्ण भाग) कमी आणि दुसऱ्याचं वॉर्म म्हणजे मिड्स (मधला भाग) जास्त. त्याच्या हातात असलेली गिटार त्याच्याच अ‍ॅम्पवर वाजवायला सांगा आणि नक्की काय खटकतं ते विचारा. तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या), ट्यूनिंग स्टँडर्ड की खाली, क्लीन जास्त वाजवतो की भरपूर गेन (डिस्टॉर्टेड आवाज), बहुतेक वेळ कुठल्या पिकअपवर असतो, टोनचा नॉब कधी फिरवतो का की कायम दहावर. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खूप काही सांगून जातं. जो कधीच नॉब फिरवत नाही त्याच्यासाठी दहावरचा आवाजच बरोबर यायला हवा, आणि जो व्हॉल्यूम सतत वरखाली करतो त्याचं वायरिंग वेगळं करावं लागतं, ते पुढे येईल.

आता स्केल. फेंडर पद्धतीचं २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी, गिब्सन पद्धतीचं साधारण ६२८ मिमी, आणि मधलं २५ इंच म्हणजे ६३५ मिमी. त्याच तारा, तेच ट्यूनिंग, तर ६२८ वर ताण ६४८ पेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो, बेंड सोपे जातात आणि आवाज जरा मऊ लागतो. लांब स्केलवर खालच्या तारा जास्त स्पष्ट ऐकू येतात, म्हणून खाली ट्यून करणाऱ्याला आखूड स्केल शक्यतो देऊ नका, सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार सैल पडते आणि तिचा सूरच नीट लागत नाही.

फ्रेटच्या जागा काढायला नटपासूनचं अंतर मोजायचं. स्केलला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट मिळतो, ६४८ साठी ३६.३७ मिमी. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की पहिल्यापासून दुसरा, ३४.३३ मिमी, असं पुढे. पण खुणा करताना प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजा, आधीच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर पेन्सिलच्या जाडीएवढी चूक साठत साठत बाराव्यापर्यंत कानाला कळेल एवढी होते. पडताळा सोपा आहे, पाचवा फ्रेट १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर आणि बारावा बरोबर निम्म्यावर ३२४ वर यायला पाहिजे.

पिकअपची जागा ही माझ्या मते टोनमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. तार ब्रिजजवळ कमी हलते आणि तिथे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर) मूळ सुराच्या मानाने जास्त मिळतात, म्हणून आवाज पातळ, टोकदार. जसजसे नेककडे जाल तसतसा मूळ सूर भरत जातो. स्ट्रॅटचा (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) नेक पिकअप साधारण जिथे चोविसावा फ्रेट आला असता तिथे असतो, म्हणजे ६४८ च्या स्केलवर ब्रिजपासून १६२ मिमी. मोकळ्या तारेवर ती चौथ्या हार्मोनिकची स्थिर जागा आहे, तो हार्मोनिक तिथे जवळजवळ मिळतच नाही, त्या गोल, पोकळ आवाजात याचाही वाटा आहे (अर्थात तार दाबली की ही जागा सरकते, त्यामुळे यालाच सगळं श्रेय देऊ नका). आता विचार करा, चोवीस फ्रेटची नेक घेतली तर त्या जागी फ्रेटबोर्डच येतो आणि पिकअप ब्रिजकडे ढकलावा लागतो. लोक चोवीस फ्रेट हौसेने मागतात आणि मग नेक पिकअप "तसा" का वाजत नाही म्हणून पिकअप बदलत बसतात. ज्याला तो गोल आवाज हवाय त्याला एकवीस किंवा बावीस फ्रेटच द्या.

ब्रिज पिकअपला पाच मिमी इकडेतिकडे केलं तरी ऐकू येतं, नेक पिकअपला तेवढं कळत नाही. म्हणून ब्रिज पिकअपची जागा नक्की करण्याआधी थोडा प्रयोग करा. एक साधी फळी घ्या, तिच्यावर नेक आणि ब्रिज बसवा, दोन तारा लावा आणि पिकअप तारांखाली हाताने सरकवत वाजवून ऐका. अर्ध्या दिवसाचं काम आहे पण यातून जे कळतं ते दहा लेख वाचून कळत नाही. आवडलेली जागा सॅडलपासून (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यापासून) मोजून लिहून ठेवा.

लाकडाबद्दल माझं मत थोडक्यात. मॅग्नेटिक पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, त्याला फक्त तारेची हालचाल कळते. १९३२ मध्ये विक्रीला आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' लॅप स्टील (मांडीवर ठेवून वाजवायची गिटार) अख्खी अ‍ॅल्युमिनियमची होती, आणि गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या आसपास जी 'लॉग' बनवली तिचा मधला भाग म्हणजे चार इंची चौकोनी पाइनचा ठोकळा. दोन्ही वाजायच्या. लाकूड तारेची हालचाल थोडीफार बदलतं, कुठला सूर किती वेळ टिकतो यात फरक पडतो, हाताला गिटार कशी लागते यात तर खूपच पडतो, पण पिकअपची उंची एक मिमी बदलल्यावर जो फरक पडतो त्यापुढे मला तो लहान वाटतो. म्हणून बॉडीचं लाकूड निवडताना नावाकडे न बघता तीन गोष्टी बघा: ते पूर्ण वाळलेलं आहे का, वजन किती, आणि स्क्रू घट्ट धरतं का. मीटरवर ओलावा आठ-दहा टक्क्यांच्या वर दिसला तर आणखी ठेवून द्या. सागवान चालतं पण जड होतं आणि तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी सांध्याची जागा थिनरने पुसून लगेच ग्लू लावावा लागतो. बासवुड हलकं, मऊ, कापायला सोपं, फक्त त्यात स्क्रूची भोकं लवकर झिजतात. नेकच्या बाबतीत मात्र लाकडाची निवड गंभीरपणे घ्या, तिथे सरळ रेषांचं मेपल किंवा महोगनीच, कारण १०-४६ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) सेटचा ताण ६४८ स्केलवर साधारण ४५-४७ किलो असतो आणि तो ताण ती नेक वर्षानुवर्षं ओढून धरणार आहे.

पहिल्या गिटारला नेक तयार घ्या असं मी कोणालाही सांगेन. बॉडी, पॉकेट (बॉडीतली नेक बसवायची खाच), वायरिंग, सेटअप एवढं शिकायला पुरेसं आहे, आणि नेकमध्ये गडबड झाली तर बाकी कितीही छान केलेलं असो, गिटार वाजत नाही. नेक हातात आल्याशिवाय बॉडीचं ड्रॉइंग फायनल करायचं नाही, ब्रिज हातात आल्याशिवाय तर अजिबात नाही. वेबसाइटवर दिलेलं माप आणि प्रत्यक्ष कॅलिपरने घेतलेलं माप यात फरक निघतो.

ड्रॉइंग पूर्ण साइजचं काढा, मोठ्या कागदावर, मधोमध सेंटर लाइन मारून. नेक ठेवून नटपासून ६४८ वर एक रेघ मारा, ही पहिल्या तारेच्या सॅडलची जागा. सॅडल पुढेमागे किती सरकतं ते बघा आणि ब्रिज असा बसवा की पहिल्या तारेचं सॅडल त्या रेघेवर असताना त्याला थोडं पुढे यायलाही वाव असेल आणि मागे जायला भरपूर. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल सरकवणं) करताना सॅडल मागेच सरकतात, पहिल्या तारेचं एक-दोन मिमी, सहाव्या तारेचं तीन-चार मिमी. ब्रिजची भोकं पाडण्याआधी दोन्ही बाहेरच्या तारांच्या जागी नटपासून ब्रिजपर्यंत दोरा ताणून बघा, फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून अंतर सारखं दिसलं पाहिजे. इथे घाई नको. ब्रिज दोन मिमी बाजूला गेला की पहिली तार फ्रेटवरून घसरून खाली जाते आणि ते कुठल्याही सेटअपने सुधारत नाही.

उंचीचं गणितही इथेच करून टाका. नेकची टाच फ्रेटबोर्डसकट साधारण २५ मिमी, पॉकेट १६ मिमी खोल, म्हणजे फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर नऊ-साडेनऊ मिमी. त्यात फ्रेटची उंची आणि फ्रेटपासून तारेची उंची म्हणजेच अ‍ॅक्शन मिळवा म्हणजे ब्रिजपाशी तार कुठे असेल ते कळतं. तुमच्या ब्रिजचं सॅडल सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर किती जातं ते मोजा, तुमचा आकडा त्या दोघांच्या मधोमध आला पाहिजे. ट्यून-ओ-मॅटिक जातीचा ब्रिज उंच असतो, त्याला नेक काही अंश मागे कलती ठेवावी लागते, पहिल्या गिटारला ते प्रकरण टाळलेलंच बरं.

नेक पॉकेट राउटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) काढताना टेम्प्लेट नेकवरूनच बनवा. नेक सेंटर लाइनवर ठेवायची, तिच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या अगदी चिकटवून क्लॅम्प करायच्या, टाचेला तिसरी पट्टी, मग नेक काढून घ्यायची आणि बेअरिंगवाल्या बिटने एका वेळी तीन-चार मिमीच उतरायचं. आधी तशाच जाडीच्या टाकाऊ लाकडात करून बघा. फिटिंग कसं असावं, तर नेक हाताने दाबून बसली पाहिजे आणि स्क्रू न लावता बॉडी नेकला धरून उचलली तरी क्षणभर सुटू नये. पॉकेटच्या तळाला मात्र काही सोडू नका, रंग नाही, लाकडाचा भुसा नाही, कागदाची शिम (उंची साधायची पातळ चकती) शक्यतो नाही, लाकडाला लाकूड पूर्ण टेकलं पाहिजे. पॉलिश पेपर सपाट ठोकळ्यावर चिकटवून तळ घासा, नुसत्या बोटाने घासलात तर कडा गोल होतात. आणखी एक, बॉडीतली स्क्रूची भोकं स्क्रूच्या आट्यांपेक्षा थोडी मोठी हवीत, आटे फक्त नेकमध्ये धरले पाहिजेत. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू कितीही पिळा, नेक आणि बॉडीमधली फट बंद होतच नाही.

राउटर वापरताना डोळ्यावर चष्मा, नाकावर चांगला मास्क. शिसव आणि इतर गडद लाकडांची धूळ बऱ्याच जणांच्या अंगाला आणि छातीला सोसत नाही, हे सहज म्हणून सांगत नाहीये.

फ्रेट. तयार नेकचे फ्रेटसुद्धा लेव्हल करावे लागतात, महागड्या नेकचेही. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) फिरवून आधी फ्रेटबोर्ड पूर्ण सरळ करायचा, लांब सरळ पट्टी ठेवून उजेडात बघायचं. फ्रेटच्या माथ्यावर मार्करने रंग द्यायचा, मग सपाट बीमवर ४०० चा पेपर लावून तारांच्या दिशेनेच अलगद घासत जायचं. जिथला रंग गेला तो फ्रेट उंच होता, जिथला राहिला तो खोल. प्रत्येक फ्रेटवर थोडा थोडा रंग गेला की थांबा, लगेच थांबा, कारण यापुढे जे घासलं जातं ते फ्रेटचं आयुष्य आहे. मग सपाट झालेले माथे क्राउनिंगच्या कानशीने गोल करायचे, पुन्हा मार्कर लावून, मधोमध केसाएवढी रेघ उरेपर्यंत. सपाट माथ्याच्या फ्रेटवर तार नक्की कुठे टेकते ते ठरत नाही, सूर किंचित सरकतो आणि सितारसारखी झणझण येते. शेवटी ८००, १२००, २००० चा पेपर आणि पॉलिश, बेंड करताना तार लोण्यासारखी सरकली पाहिजे.

नटवर मी जरा रेंगाळतो कारण मोकळ्या तारेचा टोन इथे ठरतो आणि ट्यूनिंगच्या निम्म्या तक्रारी इथेच निघतात. हाडाचा कोरा तुकडा घ्या, त्याचा तळ आणि नेकमधल्या खाचेचा तळ अगदी सपाट जुळवा. स्लॉट कापताना कानशीची जाडी तारेपेक्षा किंचित जास्त, सहाव्या तारेसाठी ४६ ची तार तर ४८-५० ची कानस. कानस धरायची ती हेडस्टॉककडे (नेकच्या खुंट्यांच्या टोकाकडे) उतरती, म्हणजे तार स्लॉटच्या पुढच्या कडेवर, फ्रेटबोर्डच्या बाजूला टेकते. मागच्या बाजूला टेकली तर स्केलच बदलतं आणि मोकळी तार सतारीसारखी वाजते. प्रत्येकी दोन-तीन वेळा घासायचं, तार परत बसवायची, सुरात आणायची, बघायचं, पुन्हा काढायची. कंटाळवाणं आहे, पण असंच करायचं. खोली कधी पुरेशी झाली ते असं ओळखा: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि फ्रेटमध्ये जेमतेम उजेड दिसला पाहिजे, वरून बोटाने टिचकी मारली तर बारीकसा "टिक" आला पाहिजे. टिक येत नाही म्हणजे स्लॉट फार खोल गेलाय. आणि ट्यून करताना "टिंग" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो ना, तो स्लॉट अरुंद आहे, त्याला बाजूने किंचित सैल करा, खाली नाही.

आता पिकअप आणि इलेक्ट्रॉनिक्स, इथे खरी गंमत आहे. पिकअप घेताना लोक डीसी रेझिस्टन्स बघतात, स्ट्रॅटचा सहा किलोओहमच्या आसपास, जुन्या धर्तीच्या हंबकरचा (दोन कॉइलच्या पिकअपचा) सात ते साडेआठ. पण तो आकडा तारेची लांबी आणि जाडी सांगतो, आवाज नाही सांगत. आवाजाबद्दल जास्त सांगतो तो इंडक्टन्स (कॉइलचा विद्युत गुण, हेन्रीत मोजतात). पिकअपची कॉइल आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो, त्याच्या आसपासची फ्रिक्वेन्सी उठून दिसते आणि त्याच्या वरचं सगळं कापलं जातं. सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री धरा, केबल वगैरे मिळून ६०० पिकोफॅरड, तर हे शिखर ४,२०० हर्ट्झच्या जवळ येतं. ४.५ हेन्रीचा हंबकर त्याच केबलवर ३,१०० च्या जवळ. "काचेसारखा" आणि "जाडसर" यातला बराचसा फरक हा एवढाच आहे. आणि याचाच दुसरा अर्थ असा की केबल हा टोनचा भाग आहे. साध्या केबलला दर मीटरला शंभर-दीडशे पिकोफॅरड असतात, तीन मीटरच्या जागी नऊ मीटरची केबल लावली की शिखर खाली सरकतं, आवाज मऊ होतो.

शिखर कुठे ते पिकअप आणि केबल ठरवतात, ते किती टोकदार ते पॉट ठरवतात. सिंगल कॉइलला २५०के, हंबकरला ५००के ही रीत यातूनच आलीय, छोटा पॉट शिखर दाबून टाकतो, मोठा मोकळं सोडतो. एकाने माझ्याकडे गिटार आणली होती, म्हणे आवाज कानात टोचतो, बॉडी बदलून महोगनीची करून दे. उघडून बघितलं तर तीन सिंगल कॉइल आणि पॉट ५००के चे. पॉट काढले नाहीत, नुसत्या व्हॉल्यूमच्या दोन बाहेरच्या टोकांना क्रोकोडाइल क्लिपने ५००के चा एक रेझिस्टर समांतर लावला, म्हणजे झाले २५०के, आणि त्याला वाजवायला दिली. वाजवता वाजवता मी क्लिप काढत-लावत होतो. त्याने दुसऱ्या वेळीच सांगितलं, हे राहू दे. बॉडी तीच राहिली. असं क्लिप लावून ऐकणं ही सवय लावून घ्या, सोल्डर करण्याआधी रेझिस्टर, कपॅसिटर सगळं असंच ऐकता येतं (दुकानात ४७०के चा मिळेल, तो चालतो).

टोनच्या कपॅसिटरवरून फार वाद होतात. ०.०२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरड यातला फरक नॉब खाली आणल्यावरच नीट ऐकू येतो, दहावर असताना जवळजवळ नाहीच. ज्याला टोन खाली करून जाझ वाजवायचंय पण पूर्ण गढूळ नकोय त्याला ०.०१५ किंवा ०.०१ सुद्धा लावून बघा. व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबल मरतो ही तक्रार असेल तर दोन उपाय आहेत. एक, टोनचा पॉट व्हॉल्यूमच्या इनपुटऐवजी मधल्या पायाला, म्हणजे आउटपुटला जोडायचा, पन्नाशीच्या दशकात असं करायचे. दुसरा, व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायामध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५०के चा रेझिस्टर. मला पहिला जास्त आवडतो, वाजवताना नैसर्गिक वाटतो, पण त्यात टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांवर परिणाम करतात आणि काही जणांना ते आवडत नाही.

वायरिंग करताना पॉटच्या पाठीवर सोल्डर करायचं तर आधी ती पाठ पॉलिश पेपरने खरवडा, फ्लक्स लावा, जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न वापरा आणि दोन-तीन सेकंदात उरका, जास्त वेळ धरलं तर आतला कार्बनचा ट्रॅक भाजतो. कॅव्हिटीला (बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीला) आतून कॉपर टेप, पट्ट्या एकमेकांवर चढवून, आणि सगळ्या टेपला ग्राउंड. ब्रिजला ग्राउंडची वायर न विसरता. मल्टीमीटरचं एक टोक ब्रिजवर, एक जॅकच्या बाहेरच्या भागावर, जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. शिल्डिंगने बाहेरची खरखर कमी होते, सिंगल कॉइलची घूं मात्र पूर्ण जात नाही कारण ती कॉइलमध्येच शिरते. त्यासाठी मधला पिकअप उलट वाइंडिंग आणि उलट ध्रुवाचा घ्या, दोन पिकअप एकत्र असताना घूं एकमेकांना मारते. दोन पिकअप एकत्र केल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटी आहे, एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा. पण त्याला धातूचं कव्हर असेल तर आधी कव्हरचं ग्राउंड वेगळं करून घ्या.

फिनिशवर मी फार वेळ घालवत नाही. पहिल्या गिटारला तेलाचं फिनिश, पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. जवसाच्या किंवा डॅनिश ऑइलच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

सेटअपचा क्रम बदलायचा नाही: तारा लावा, सुरात आणा, मग नेकचा रिलीफ (किंचित बाक), मग अ‍ॅक्शन, मग इंटोनेशन, सगळ्यात शेवटी पिकअपची उंची. रिलीफसाठी पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यावर फट बघायची, ०.२ ते ०.३ मिमी. ट्रस रॉड एका वेळी पाव वळसाच, आणि जड लागला तर जोर करू नका. अ‍ॅक्शन बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेला १.८ च्या आसपास, पहिल्या तारेला १.४-१.५. फार खाली नेलंत तर तार फ्रेटला घासते, कदाचित अ‍ॅम्पमधून झणझण ऐकू येणार नाही पण सूर लवकर मरतो. टोन दबलेला वाटतोय, सस्टेन नाही, अशी तक्रार असेल तर पिकअपला हात लावण्याआधी अ‍ॅक्शन पाव मिमी वर करून ऐका.

पिकअपची उंची तार शेवटच्या फ्रेटवर दाबून मोजायची. सिंगल कॉइलला सहाव्या तारेकडे अडीच मिमी, पहिल्या तारेकडे दोन मिमी, इथून सुरुवात करा. जवळ आणलं की आवाज मोठा होतो म्हणून लोक वर वर आणत जातात, पण अल्निकोच्या मॅग्नेटचा ओढा तारेला धरतो, वरच्या फ्रेटवर सहाव्या तारेत दोन सूर एकदम लहरताना ऐकू येतात आणि इंटोनेशन कितीही करा लागत नाही. असं झालं की नेक पिकअप आधी खाली घ्या, तार तिथे जास्त हलते. मग नेक आणि ब्रिज दोन्ही क्लीन चॅनेलवर आलटून पालटून वाजवा आणि ब्रिज पिकअप थोडा थोडा वर आणत दोघांचा आवाज सारखा करा. स्क्रू अर्धा-अर्धा वळसा फिरवायचा, एक कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत ऐकायची, मग पुढचा अर्धा. फोनवर रेकॉर्ड करत राहा, अ‍ॅम्पची सेटिंग न बदलता, कारण दहा मिनिटांत कान आधीचा आवाज विसरतो.

नवीन गिटार पहिले दोन-तीन आठवडे हलत राहते. नेकवर ताण नवा असतो, पॉकेटमधले स्क्रू बसत असतात. तारा थोड्या सैल करून नेकचे स्क्रू एकदा पुन्हा घट्ट करा, रिलीफ पुन्हा मोजा, गरज वाटली तर पाव वळसा द्या, आणि इंटोनेशन नव्या तारांवरच पुन्हा करा, जुन्या तारांवर केलेलं टिकत नाही. गिटार दुसऱ्यासाठी बनवली असेल तर त्याला देतानाच ही तारीख ठरवून ठेवा, आणि पिकअपची उंची, पॉटचे प्रत्यक्ष मोजलेले आकडे, कपॅसिटर, तारांचं गेज हे सगळं एका कागदावर लिहून कंट्रोल कॅव्हिटीच्या झाकणाच्या आतून चिकटवा.